दर वेळी पहिल्यापासून? मग पहिला गेम नीट निवडू या

पत्र: ताई, मी ३२ वर्षांची, कराडला असते, मेडिकल दुकानात काम करते. लहानपणी भावाबरोबर टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेमवर मारिओ, कॉन्ट्रा भरपूर खेळलेय, कॉलेजला असताना रोड रॅश, मग लग्न, मुलगी आणि फोनवर कँडी क्रश, बस. आता मुलगी साडेनऊला झोपते आणि मला रोज पाऊण तास मिळतो. भाऊ म्हणाला रोगलाइक गेम खेळ (मेलं की नव्या नकाशावर परत पहिल्यापासून, तसले), तुला आवडतील. त्याच्या मित्राने सांगितलं मुळापासून सुरू कर म्हणून नेटहॅक घेतला, ओ की ठो कळलं नाही. मग सगळे भारी म्हणतात म्हणून डेड सेल्स विकत घेतला. लॅपटॉपच्या कीबोर्डवर खेळते, मरते, परत पहिल्यापासून. पाऊण तास संपतो आणि हातात काहीच नसतं. माझं वय झालं का? की सुरुवातच चुकली? लॅपटॉप साधा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. घरी रमी, बदाम सात सगळे खेळतात, पत्ते मला मनापासून आवडतात. — पहिल्यापासूनवाली

उत्तर:

अगं वयाचं काही नाही, तो विचार आधी डोक्यातून काढ. तू घेतलेस ते दोन्ही गेम चांगलेच आहेत, पण पहिल्यांदा खेळणाऱ्यासाठी दोन्ही अवघड, आणि ज्यांनी ते सुचवले त्यांना हे जाणवत नाही कारण ते हा प्रकार इतकी वर्षं खेळतायत की सुरुवातीला आपल्याला काय काय कळत नव्हतं हेच त्यांच्या लक्षात राहिलेलं नाही. सगळ्यात भारी गेम कुठला आणि पहिला गेम कुठला हे दोन वेगळे प्रश्न आहेत, लोक दुसरा विचारला तरी उत्तर पहिल्याचंच देतात.

आता कॉन्ट्रा आठव. तीन-तीन लाइफ आणि कंटिन्यूही संपले की पहिल्यापासून (तीस लाइफचा कोड ज्यांना माहीत होता त्यांचं सोड). म्हणजे पहिल्यापासून खेळायची सवय तुला चांगली आहे, मग तेव्हा असं रिकामं का नाही वाटलं? कारण स्टेज तीच असायची. पूल कुठे फुटतो, कुठल्या झाडामागून गोळी येते, सगळं पाठ व्हायचं, आणि मेलीस तरी पुढच्या वेळी दोन पावलं पुढे जायचीस. रोगलाइकमध्ये नकाशा दर वेळी नवीन बनतो, शत्रू वेगळ्या जागी, वस्तू वेगळ्या, त्यामुळे पाठ करायला काही उरतच नाही, आणि तुझी सवय मात्र अजून पाठ करायचीच आहे. इथे मेल्यावर तुझ्याबरोबर पुढे येतात ते फक्त नियम. कुठला शत्रू कधी काय करतो, कुठली वस्तू कशाबरोबर चालते, कधी लढायचं आणि कधी बाजूने निघून जायचं. हे नियम कळत गेले तर पाऊण तासानंतर हातात काहीतरी असतं, नाही कळले तर नुसतंच मरत राहायचं, जे सध्या तुझं होतंय.

म्हणून पहिला गेम निवडताना मी एवढंच बघते की मेल्यावर तू का मेलीस हे तुला स्वतःला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, गुगल न करता. बाकी ग्राफिक्स, रेटिंग, कोण काय म्हणतं, ते सगळं नंतर.

आता याच हिशोबाने तुझे दोन गेम बघू. या सगळ्या प्रकाराचं नाव पडलं ते १९८० च्या 'रोग' (इंग्रजी Rogue, आजार नव्हे) नावाच्या गेमवरून, कॅलिफोर्नियातल्या कॉलेजच्या पोरांनी बनवलेला, चित्रं नाहीत, सगळी अक्षरं आणि चिन्हं, तुम्ही म्हणजे स्क्रीनवरचं अॅटचं चिन्ह आणि राक्षस म्हणजे ए पासून झेड. सव्विसाव्या मजल्यावरून एक ताईत घेऊन वर यायचं. नेटहॅक १९८७ चा, त्याच घराण्यातला, आणि प्रचंड खोल. पण त्यात काय होतं बघ, कॉकाट्रिस नावाचा एक प्राणी आहे, त्याला मारलंस आणि त्याच्या मेलेल्या शरीराला हातमोजे न घालता हात लावलास तर तुझाच दगड होतो आणि गेम संपतो. ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी हे कमाल आहे कारण हातमोजे घालून तेच शरीर उचलून दुसऱ्यांना मारता येतं. पण ज्याला माहीत नाही त्याने कुठून ओळखायचं? नेटहॅकवर प्रेम करणारे लोक वर्षानुवर्षं एकमेकांना असली ज्ञानं देत आलेत, एकटीने रात्री साडेनऊला सुरू करायची ती गोष्ट नाही. आणि मुळापासून सुरू कर हा सल्ला तर मला अजिबात पटत नाही, इतिहास कळावा म्हणून जुना गेम बघावा हे ठीक, पण आवड लागण्यासाठी तो आधी खेळलाच पाहिजे असं काही नाही.

डेड सेल्सचं वेगळं. तिथे का मेलीस ते दिसतं, समोरच्याने तलवार उगारली आणि तू वेळेत लोळली नाहीस. पण ते वेळेत लोळणं बोटांत बसायला लागतं, आणि लॅपटॉपच्या चपट्या कीबोर्डवर, दिवसभर उभं राहून काम केल्यावर, मेलीस ती निर्णय चुकला म्हणून की बोट चुकलं म्हणून हेच कळत नाही. त्यामुळे शिकायचं काय तेही कळत नाही. हा गेम डिलीट करू नको, पुढे कधीतरी कंट्रोलर मिळाला तर परत काढ, तेव्हा तो फार वेगळा वाटेल.

तुझ्यासाठी माझं उत्तर स्ले द स्पायर. २०१९ ला पूर्ण रूपात आला, मेगा क्रिट नावाच्या छोट्या टीमने बनवलाय, आणि पत्त्यांवर चालतो. साध्या लॅपटॉपवर आरामात चालतो. घाई कशाचीच नाही, तुझी टर्न असेपर्यंत शत्रू गप्प उभा राहतो, तू पाणी पिऊन ये, मुलीला पांघरूण घालून ये, काही बिघडत नाही. फोनवर पण मिळतो पण पत्त्यांवरची अक्षरं तिथे बारीक दिसतात, लॅपटॉपवरच घे. इंग्रजी सोपं आहे, एका पत्त्यावर एक-दोन ओळी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शत्रू पुढच्या टर्नला काय करणार ते त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. हल्ला करणार असेल तर किती पॉइंटचा तेही आकड्यात. या एका गोष्टीमुळे मी हा गेम नवीन माणसाला देते. मेलीस की मागे वळून बघता येतं, आकडा समोर होता, माझ्या हातात हे पाच पत्ते होते, मी काय केलं.

एक लढाई करूनच दाखवते म्हणजे कळेल. पहिलं कॅरॅक्टर आयर्नक्लॅड, ८० पॉइंट जीव. सुरुवातीला दहाच पत्ते, त्यात पाच स्ट्राइक, चार डिफेंड, एक बॅश. स्ट्राइकने ६ लागतात, डिफेंडने ५ अडवले जातात, दोन्हीला एक-एक एनर्जी, आणि टर्नला एनर्जी असते तीन. बॅशला दोन एनर्जी लागते, त्याने ८ लागतात आणि वर शत्रू दोन टर्न कमजोर होतो म्हणजे त्याला दीडपट लागतं. सुरुवातीला तुला कल्टिस्ट नावाचा निळा पक्ष्यासारखा प्राणी भेटू शकतो, जीव साधारण ५०. पहिल्या टर्नला तो हल्ला करतच नाही, नुसता मंत्र म्हणतो. दुसऱ्या टर्नला ६ मारतो, मग ९, मग १२, असा वाढतच जातो. आता नवीन माणूस काय करतो, भीतीने पहिल्याच टर्नला डिफेंड टाकतो. ते पूर्ण वाया, कारण तो मारणारच नव्हता, आणि अडवायचे पॉइंट पुढच्या टर्नला उरत नाहीत. त्याऐवजी पहिल्या टर्नला बॅश हातात आला असेल तर आधी बॅश, मग एक स्ट्राइक, ८ आणि ९ मिळून १७ गेले. दुसऱ्या टर्नला तीन स्ट्राइक मिळाले तर ९ चे तीन, २७. एकूण ४४. त्याने तुला एकदाच ६ मारले, तिसऱ्या टर्नला एक-दोन स्ट्राइकमध्ये तो संपला, आणि आयर्नक्लॅडला लढाई जिंकली की ६ पॉइंट परत मिळतात. म्हणजे तुझं नुकसान शून्य. तीच लढाई घाबरून डिफेंड टाकत पाच-सहा टर्न नेलीस तर १२, १५ चे फटके बसायला लागतात आणि डिफेंड ५ चाच राहतो. कल्टिस्टला लांबवायचं नाही, हा झाला नियम. तो पुढच्या वेळी कुठेही भेटो, कुठल्याही नकाशावर, तुझ्याकडे नियम आहे. असं एकेकाचं जमत जातं, आणि खरं सांगते, ते जमायला लागलं की जो आनंद होतो त्यासाठीच हा सगळा प्रकार लोक खेळतात.

अजून काही गोष्टी ज्या मी सुरुवातीलाच सांगून टाकते. लढाई जिंकली की तीन पत्ते समोर येतात, एक घे म्हणून, पण न घेताही पुढे जाता येतं आणि ते फार वेळा बरोबर असतं. रमीत कसं, हातात पानं ठरलेली असतात त्यामुळे नको ते पान टाकावंच लागतं, इथे मात्र गठ्ठा फुगत जातो आणि मग हवा तो पत्ता हातात यायला वेळ लागतो. पहिल्या अॅक्टमध्ये (म्हणजे नकाशाचा पहिला भाग, शेवटच्या मोठ्या शत्रूपर्यंत, त्याला बॉस म्हणतात) मात्र मारणारे दोन-तीन चांगले पत्ते लवकर घे, कारण नुसत्या स्ट्राइकवर मोठे शत्रू मरत नाहीत. दुकानात पैसे देऊन पत्ता काढून टाकता येतो, पहिल्यांदा ७५ नाणी लागतात, एखादा स्ट्राइक काढ. नवीन लोकांना पैसे देऊन पत्ता फेकायचा हे पटतच नाही, पण करून बघ.

नकाशा पूर्ण अॅक्टचा आधीच दिसतो, तो निघायच्या आधी शांतपणे बघायचा. शेकोटी आली की दोन पर्याय, जीव ३० टक्के भरून घ्यायचा किंवा एक पत्ता सुधारायचा. जीव बरा असेल तर बॅश सुधार, त्याचे ८ चे १० होतात आणि कमजोरी दोन टर्नऐवजी तीन टर्न राहते. एलिट नावाचे मोठे शत्रू असतात, त्यांच्याकडून रेलिक मिळतं म्हणजे कायमचा फायदा देणारी वस्तू, म्हणून त्यांना अगदीच टाळू नये, पण शेकोटीनंतरचा एखादा गाठावा. त्यातला ग्रेमलिन नॉब नवीन माणसाचा जीव घेतोच. तू डिफेंडसारखा कुठलाही स्किल पत्ता खेळलास की त्याचा राग वाढतो, प्रत्येक पत्त्याला त्याची ताकद २ ने वाढते. बरं, त्याच्यावर माऊस नेलास तर हे तिथे लिहिलेलं दिसतं. त्याच्यासमोर बचाव सोडून नुसतं मारायचं. प्रत्येक शत्रूवर, प्रत्येक चिन्हावर एकदा माऊस नेऊन वाचायचं, ही सवय पहिल्या रात्रीपासून लाव, अर्धे नियम तिथेच सापडतात.

जादूच्या औषधाच्या बाटल्या मिळतात त्या वापर. बाटल्या जपून ठेवायच्या आणि त्यांच्यासकट मरायचं हे सगळेच करतात, एलिट किंवा बॉस आला की पी.

आता तुझ्या पत्रातला जो मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, पाऊण तास संपतो आणि हातात काहीच नसतं. त्यासाठी दोन उपाय सांगते. एक म्हणजे एका रात्रीत पूर्ण डाव संपवायचा नाही. हा गेम मध्येच सेव्ह करून बंद करता येतो, लढाईच्या मध्ये बंद केलास तर ती लढाई परत सुरुवातीपासून होते एवढंच. एका रात्री एक अॅक्ट, हे पाऊण तासात बसायला हरकत नाही. जिंकायचं टार्गेट नकोच, पहिला आठवडा फक्त पहिल्या अॅक्टचा बॉस बघायचा. दुसरं म्हणजे फोनच्या नोट्समध्ये मेल्यावर एक ओळ लिही. कशाने मेले आणि कुठे वेगळं करता आलं असतं. 'नॉबसमोर डिफेंड खेळले.' 'बॉसच्या आधी शेकोटीवर जीव भरला नाही.' 'गठ्ठ्यात तीस पत्ते, हवा तो आलाच नाही.' एवढंच, निबंध नको. काही वेळा उत्तर 'पत्तेच वाईट आले' असं येईल, ते खरंही असतं कधीकधी, पण ती ओळ लागोपाठ यायला लागली तर पत्त्यांकडे बोट दाखवायच्या आधी नकाशावर कुठून गेलीस ते बघ.

आणि एक, कॅरॅक्टर बदलू नको. पुढे अजून तीन उघडतात, सायलेंट, डिफेक्ट, वॉचर, सगळी मस्त आहेत, पण प्रत्येकाचे पत्ते वेगळे त्यामुळे परत शून्यापासून. आयर्नक्लॅडचा पहिला बॉस पडेपर्यंत तोच. यूट्यूबवर मोठमोठ्या खेळाडूंचे व्हिडिओ आहेत, ते बरेचदा असेन्शनच्या वरच्या पायऱ्यांवर खेळत असतात, जिंकल्यानंतर उघडणारा अवघडपणाचा तो प्रकार आहे, वीस पायऱ्या, त्यांचे निर्णय तिथल्या हिशोबाने असतात आणि ते बघून तू इथे खेळलीस तर गोंधळ होईल. महिनाभर बघू नको.

बलाट्रोबद्दल सांगितलं नाही तर पत्तेवाली माणसं मला सोडणार नाहीत. २०२४ चा, एकाच माणसाने बनवलेला, तो लोकलथंक या नावाने ओळखला जातो. पोकरचे हात जुळवून पॉइंट करायचे, पैसे लावायचे वगैरे काही नाही. तुला निम्मा गेम आधीच येतो. एका रंगाची पाच पानं म्हणजे फ्लश, त्याचे ३५, त्यात पानांचे पॉइंट मिळवायचे आणि ४ ने गुणायचं. राजा, गुलाम, नव्वी, सत्ती, चौकी, सगळी इस्पिकची समज, पानांचे झाले ४०, अधिक ३५ म्हणजे ७५, गुणिले ४ म्हणजे बरोबर ३००, आणि पहिल्या फेरीला लागतात ३००च. मग जोकर घेत जायचे, पाच मावतात, प्रत्येक जोकर हिशोब बदलतो. पुढच्या बॉसची अट आधीच कळते, एक बॉस असा आहे की बदामची सगळी पानं निकामी करतो, म्हणजे तोपर्यंत तुला दुसऱ्या रंगाची तयारी करता येते. इथेही का हरलीस ते कळतं. तरी मी तो दुसरा ठेवते, कारण त्यात हिशोब तुझ्या एकटीचाच असतो, समोरचा काय करणार आणि आपण त्याला काय उत्तर देणार हे शिकवायला स्ले द स्पायर जास्त चांगला, आणि तेच पुढे या प्रकारातल्या बाकीच्या गेमना कामाला येतं. दुसरं कारण, बलाट्रोमध्ये एक डाव अजून करत करत बारा वाजतात, आणि तुला सकाळी दुकान उघडायचंय.

गोष्ट हवी असेल, माणसं हवी असतील, तर हेडीस. २०२० ला आला, ग्रीक पुराणातला पाताळाचा राजा आणि त्याचा घरातून पळून जाऊ बघणारा मुलगा. मेलं की तो परत घरीच येतो आणि घरातले लोक त्याच्याशी नवीन काहीतरी बोलतात, त्यामुळे मरण्यात पण कथा पुढे सरकते, हे फार सुंदर जमवलंय. हाताचा वेग लागतो, पण त्यात गॉड मोड आहे, तो चालू केलास की सुरुवातीलाच मार २० टक्के कमी लागतो आणि प्रत्येक मरणानंतर अजून २ टक्के कमी होत जातो, ८० टक्क्यांपर्यंत. तो बिनधास्त चालू कर, त्यासाठीच ठेवलाय. फक्त लॅपटॉपवर चालेल का ते आधी स्टीमवर (गेम विकत घ्यायचं ऑनलाइन दुकान) त्याच्या पानावर बघून घे.

नेटहॅकच्या घराण्याची ओढ नंतर वाटली तर अँड्रॉइडवर शॅटर्ड पिक्सेल डंजन आहे, फुकट, जाहिराती नाहीत. तिथेही सव्विसावा मजला आणि तिथेही ताईत, रोगसारखाच, पण बोटाने टॅप करून खेळायचा. बाटल्यांचे रंग दर डावाला वेगळे असतात, लाल बाटलीने मागच्या वेळी जीव वाचला म्हणून या वेळीही वाचेल असं नाही. हे आत्ता नको. स्ले द स्पायरचा दुसरा अॅक्ट दोन-चारदा पार झाला आणि लढाई सुरू व्हायच्या आधीच तुला अंदाज यायला लागला की यात माझे साधारण किती पॉइंट जाणार, मग घे, तेव्हा त्यातलं न कळणंसुद्धा आवडेल.

आणि समजा हे सगळं नीट करून, दोन-तीन आठवडे देऊन, तरी पाऊण तास ओझंच वाटला, तर हा प्रकार सोड. शेती, कोडी, गोष्टीवाले कितीतरी गेम आहेत. तो वेळ तुला दिवसभरात एकदाच मिळतो, भावाला आवडतं म्हणून तो मरत घालवायची काही गरज नाही.

पैशाचं सांगते. स्टीमवर स्ले द स्पायर रुपयांत घेता येतो, यूपीआय चालतं. घाई नसेल तर विशलिस्टला टाकून ठेव, जूनच्या शेवटी आणि डिसेंबरला मोठे सेल लागतात. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळली असलीस तर पैसे परत मागता येतात, म्हणजे पाऊण-पाऊण तासाच्या दोन रात्री तुझ्याकडे आहेत. पहिल्या रात्री फक्त माऊस नेऊन वाचत वाचत खेळ, दुसऱ्या रात्री नॉब किंवा बॉसपर्यंत जा, आणि दुसऱ्या रात्रीनंतर मनात 'हे वेगळं करायला हवं होतं' असं काहीच आलं नाही तर रिफंड घेऊन बलाट्रो घे.